येळवशीच्या पंगतीला सैनिक

‘आपोआप’ हा शब्द आमच्या घरात सुनेनं आणला. त्याआधी आमच्याकडे जे काही व्हायचं ते कोणीतरी केल्यामुळे व्हायचं.

माझा धंदा कडक भाकरीचा. हुमनाबादेत घरामागे पत्र्याचं शेड आहे. तिथे बायका ज्वारीच्या पातळ भाकरी थापतात, भाजतात, धगीला वाळवतात, आणि त्यांच्या चळती हायवेवरच्या ढाब्यांना आणि हैदराबादच्या दुकानांना जातात. मुलगा कारखान्यात शिफ्टवर जातो. सून पुढच्या खोलीत बसून हैदराबादच्या एका कंपनीसाठी काम करते. कंपनी कॉम्प्युटरवरच्या गेम बनवते. त्या गेममध्ये ज्या जागा दिसतात, बाजार म्हणा, किल्ला म्हणा, जंगल म्हणा, त्या मांडून द्यायचं काम हिच्याकडे. अशा एका मांडलेल्या जागेला ते सीन म्हणतात.

लग्न ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, घरी बसून नोकरी म्हणजे शेडमध्ये एक हात वाढला. तो गैरसमज पहिल्याच महिन्यात गेला. ती सकाळी दार लावून घ्यायची आणि जेवायला हाक मारली की ‘आले, आले’ म्हणत तिथेच बसायची. एकदा मी जाऊन उभीच राहिले. म्हटलं, दाखव तरी काय करायलीस.

तिनं दाखवलं. सुरुवातीला काहीच नसतं. जमीन नाही, उजेड नाही. आधी जमीन टाकायची, मग सूर्य लावायचा. मग कॅमेरा, म्हणजे खेळणाऱ्याचा डोळा, कुठे असेल ते ठरवायचं. मग भिंत उभी करायची आणि त्या भिंतीला सांगायचं की तू भिंत आहेस, नाहीतर माणूस तिच्यातून आरपार चालत जातो. दगडाला तसंच, झाडाला तसंच. एकेक वस्तू उचलून ठेवायची. खरं सांगायचं तर मला ते काम पटलं. कष्टाचं होतं, डोळ्याला दिसत होतं.

मग कंपनीला वाटलं की यात फार वेळ जातो. त्यांनी हिलाच सांगितलं, सीन मांडून देणारं काहीतरी तयार कर. ती कित्येक महिने त्याच्यामागे लागली आणि एक दिवस शेडच्या दारात येऊन म्हणाली, “आत्या, जमलं. आता नुसतं बोलायचं. गाव पायजे म्हटलं की गाव, विहीर म्हटलं की विहीर. जमीन, सूर्य, कॅमेरा सगळं आपोआप.”

मी परातीतून हात काढला नाही. म्हटलं, “मग तुला कशाला ठेवतील?”

तव्याजवळच्या बायकांनी माना वर केल्या. प्रश्न सुनेच्या डोक्यात आधीपासून होता हे दिसत होतं. फक्त घरातून कोणी विचारला नव्हता.

“मी न्हाई केलं तर दुसरं कोणीतरी करील,” ती म्हणाली. “मग तर मी जाणारच. केलं तर निदान त्याच्यावरचं काम माझ्याकडं ऱ्हाईल.”

“असं साहेब म्हणाला?”

“तसं काही म्हणाला न्हाई.”

झालं. म्हणजे नोकरी टिकेल की जाईल हे त्या यंत्रावर अडकलं होतं, आणि तेही विचित्र रीतीनं. यंत्र बिघडलं तर कंपनी म्हणणार, हिला काही येत नाही. यंत्र फार चांगलं चाललं तर हिची गरज नाही. हुमनाबादेत अशी दुसरी नोकरी नाही. हैदराबादला जाऊन राहायचं तर मुलाची नोकरी इथे. मी तिला स्पष्ट सांगितलं, काही झालं तरी तव्यावर जागा आहे. ते मी धीर द्यायला म्हटलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून तसं पोचलेलं दिसलं नाही.

कंपनी शेतीची गेम काढत होती आणि त्यांना या भागातला एक सण हवा होता. सुनेनं येळवस सुचवली. आमच्याकडे बीदर-कलबुर्गीपासून लातूरपर्यंत येळवस म्हणजे मोठा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप करायची, म्हणजे झोपडीसारखा आडोसा. तिच्यात चुना फासलेले पाच दगड मांडून पूजा करायची, आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची, आणि मग भाज्या-शेंगांची एकत्र शिजवलेली भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे, खीर, असं जेवायला बसायचं. आमचं रान संतपूरला दिराकडे आहे. तिकडे जाऊन जेवल्याशिवाय आमची येळवस होत नाही.

तर या सणाचा सीन यंत्राकडून मांडून घ्यायचा आणि कंपनीला दाखवायचा. त्यातली अट ऐकून मी कपाळावर हात मारला. कंपनीचं म्हणणं, ज्याला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही अशा माणसानं यंत्र वापरून दाखवलं पाहिजे. सुनेनं हात लावायचा नाही.

“असं माणूस कुठनं आणणार?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हटलं, “मला भाकरीच्या ऑर्डरी आहेत.”

“आत्या, रोज थोडाच वेळ. तुम्ही नुसतं बोलायचं.”

नुसतं बोलायचं! पहिल्या दिवशी मी बोलले, “रान दाखव.” रान आलं. त्यात ज्वारी उभी होती, पण धाटं अशी सरळ रेषेत की शाळेतली प्रार्थना वाटावी, आणि वाऱ्यावर सगळी कणसं एकाच वेळी डावीकडे, एकाच वेळी उजवीकडे. बैल मागितले तर बैल जमिनीपासून वीतभर वर तरंगत होते. सून म्हणाली, ते होईल नीट. होईल म्हणजे कोण करील, तर ती. दुसऱ्या दिवशी बैल खाली आले, पण सावल्या दोन पडल्या, कारण यंत्रानं सूर्य दोन लावले होते. ते तिनं दुरुस्त केलं. मग विहिरीत बादली जाईना. यंत्रानं विहीर ही एक भरीव वस्तू समजून तिला वरून जणू झाकणच घातलं होतं. आणि चूल मागितली तर चूल कोपीच्या आत!

“अगं, कडब्याच्या कोपीत चूल? पेटवायचंय काय सगळं?”

“त्याला वाटलं असंल, वाऱ्यापासून आडोसा पायजे,” ती यंत्राची बाजू घेऊन म्हणाली. लेकराची घ्यावी तशी ती त्याची बाजू घ्यायची.

लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरायचा. त्याच्यावर पापड भाजले असते. लाईट गेली की ती इन्व्हर्टरकडे धावायची आणि माझं शेडमधलं मिक्सर बंद पडायचं. शेडमधल्या सगळ्यांत जुन्या बाईनं एक दिवस मला विचारलंच.

“अक्का, सून टीव्हीत शेती करायलीय म्हणं?”

“व्हय.”

“आन खऱ्या रानात कामून न्हाई जात?”

“तिथं ऊन लागतं.”

“टीव्हीत ऊन न्हाई व्हय?”

“दोन सूर्य आहेत,” मी म्हटलं, “पण लागत न्हाईत.”

बायका हसल्या. सून दारात उभी होती हे मला नंतर दिसलं. ती हसली नाही. तिनं जेवणही नीट केलं नाही त्या दिवशी. मुलगा मला म्हणाला, “माय, तिची नोकरी जायलीय की ऱ्हायलीय ते ठरायलंय, आन तू चेष्टा करायलीस.” मी म्हटलं, चेष्टा करत करत का होईना, रोज त्या खुर्चीत मीच बसतेय. तू बस ना. तो शिफ्टला निघून गेला.

तरी हळूहळू ते जमत गेलं, हे मला मान्य करावं लागेल. मी काय म्हणते ते यंत्राला कळायला लागलं, किंवा यंत्राला काय कळतं ते मला कळायला लागलं. ‘कोप मांड’ म्हटलं की कोप यायची. ‘तोंड उगवतीला’ म्हटलं की वळायची. ज्वारी आता वेडीवाकडी उभी राहायची, मला हवी तशी. चूल बाहेर. शेवटच्या आठवड्यात मी बोलत होते आणि सून मागे हात बांधून उभी होती, आणि तिला काहीच करावं लागत नव्हतं. ते बघून ती खूश झाली, आणि थोड्या वेळानं तिचा चेहरा उतरला. मी उठून शेडमध्ये गेले. तिथे थांबले असते तर तोंडातून तोच प्रश्न पुन्हा निघाला असता.

दाखवायचा दिवस दिवाळीनंतरचा. सकाळी अकराची वेळ दिलेली, म्हणजे ऐन भाजणीची. मी शेडमध्ये सगळं लावून दिलं, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात साहेब आणि त्याच्याबरोबरची माणसं दिसत होती. साहेब हैदराबादचाच. बोलायला बरा होता, ‘पाहिजे’ला ‘होना’ म्हणणारा.

“बोलो अम्मा, क्या होना आपको?”

“मेरे कू नै, तुम्हारे कू होना,” मी म्हटलं. तो हसला. सून माझ्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी यंत्राशी मराठीत बोलायला लागले. रान घे. ज्वारी उभी कर, बांधाला तूर. मधे कोप, तोंड उगवतीला. आत पाच दगड, चुना फासलेले. बाहेर चूल. बाजूला विहीर, मागे रस्ता. एकेक गोष्ट समोर येत गेली. ज्वारी हलत होती, चुलीतून धूर निघत होता, सूर्य एकच होता. साहेब त्याच्या माणसांशी तेलुगूत काहीतरी बोलला. मला तेलुगू जेमतेम कळतं, पण ‘आता कोणीही करू शकेल’ एवढं कळलं. मागे सुनेचा श्वास थांबला.

“बढ़िया अम्मा. अब आदमी बिठाओ, खाना खिलाओ, हो गया.”

मी म्हटलं, घरची माणसं जेवायला बसव. यंत्रानं चार माणसं बसवली. एक म्हातारा, एक बाई, दोन तरुण. पुढ्यात पत्रावळी. पाठीमागून रस्ता जातोय, रस्त्यावर कोणी नाही. एवढ्या मोठ्या रानात चौघंच खाली मान घालून जेवतायत.

मला ते बघवेना. सरावात आम्ही माणसांपर्यंत कधी पोचलोच नव्हतो. बैल, विहीर, चूल यातच आठवडे गेले होते. येळवशीला चार माणसं? असं फक्त सुतकात जेवतात. आमच्याकडे त्या दिवशी रस्त्यानं जाणारा मोटारसायकलवालासुद्धा अडवून बसवतात. गावोगावचे पाहुणे एका रानातून दुसऱ्या रानात जेवत फिरतात. जो दिसेल त्याला हाक. हे मी साहेबाला सांगत बसले नाही, त्याला काय कळणार. मी सरळ यंत्राला सांगितलं.

“सगळ्यांना बोलव जेवायला.”

मागून सून म्हणाली, “आत्या, न्हाई...”

पण बोलून झालं होतं. लॅपटॉपचा पंखा विमान उडावं तसा ओरडायला लागला. चित्र थांबलं, पुन्हा हललं, आणि ज्वारीतून माणसं यायला लागली. आधी बंदूक घेतलेले सैनिक आले. मग काचेचा टोप घातलेले अंतराळवाले. मग एक उघडाबंब पैलवान, एक घोड्याच्या तोंडाचा निळा प्राणी, मुकुटवाल्या राण्या, हाडांचे सांगाडे. कंपनीनं आजवरच्या सगळ्या गेमसाठी जेवढी म्हणून माणसं करून ठेवली होती, तेवढी सगळी यंत्रानं आमच्या रानात बोलावली. आणि जेवायला म्हटल्यामुळे सगळ्यांना मांडी घालून पंगतीत बसवलं. प्रत्येकाच्या पुढ्यात पत्रावळ. सैनिकांनी बंदुका मांडीवर घेतल्या होत्या. सांगाडे चुलीला खेटून बसले होते. पंगत ज्वारीतून, बांधावरून, विहिरीवरून सरळ रस्त्यापर्यंत गेली, आणि तिथे लॅपटॉपनं दम सोडला. स्क्रीन काळी.

मी सुनेकडे वळले. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

साहेबानं तिच्या मोबाईलवर फोन केला. मागे त्याची माणसं हसत होती, ते मलाही ऐकू येत होतं. तो म्हणाला, नंतर बोलू. फोन ठेवला.

मग आमचं जुंपलं.

“सगळ्यांना म्हटलं तुम्ही. त्याला सगळे म्हंजे सगळे. तुम्ही नावं सांगायला पायजे होती. म्हातारा दे, शेजारी दे, पाव्हणे दे.”

“येळवशीला नावं घेऊन बोलवतात व्हय? तुझ्या माहेरी घेतात?”

“माझ्या माहेरचा काय संबंध?”

“घेतात का सांग.”

“न्हाई घेत. पण ते यंत्र हाय, आत्या!”

“मग तूच त्याला सांगायचं की येळवशीला सैनिक येत न्हाईत. तू त्याला कडब्याच्या कोपीत चूल मांडू नको म्हणून शिकवलंस, हे कामून न्हाई शिकवलं?”

ती म्हणाली, “मला काय म्हाईत तुम्ही असं बोलणार?” आणि मग एकदम थांबून विचारलं, “तुम्ही मुद्दाम केलं का?”

मी खरंच चिडले. “मुद्दाम करायला मला वेळ कुठं हाय? तिकडं तव्यावर भाकरी करपायलीत.” आणि करपल्याच होत्या. मी शेडमध्ये गेले. तिला वाटलं मी तिची नोकरी घालवली. मलाही तसंच वाटलं, पण त्यावर करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी भाकरी मोजायला बसले. मुलगा कामावरून आला, दोघींचे चेहरे बघितले आणि स्वतः वाढून घेतलं.

निरोप यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात ती रोज सकाळी येऊन शेडमध्ये बसायची. पीठ मळायची, बरंही मळायची. जुन्या बाईनं तिला भाकरी फिरवायला शिकवली आणि माझ्या कानात म्हणाली, “अक्का, हात हलका हाय पोरीचा. पर मन न्हाई इथं.” ते मला दिसत होतं. मागे मी स्वतःच तिला या तव्याची जागा देऊ केली होती, आणि आता ती तिथे बसलेली मला बघवत नव्हती. अंगावर आलेलं काम सोडून लोकांची मनं सांभाळायची मला सवय नाही. मी तिला म्हटलं, साहेबाला तूच फोन कर, वाट कसली बघतेस. तिनं केला नाही.

शेवटी त्याचाच आला. ती बोलत बोलत अंगणात गेली, मग गेटपर्यंत गेली, मग परत आली. हातावरचं पीठ वाळलं होतं.

“काय?”

“ते म्हणाले यंत्र चांगलं हाय, ठेवणार. पण एकटं सोडता येत न्हाई. त्याच्याजवळ माणूस पायजे. कोणी काही सांगितलं तर काय करायचं, काय न्हाई, ते बघायला.”

“कोण माणूस?”

“मी.”

“इथूनच?”

“इथूनच.”

मी म्हटलं, “म्हणजे आपोआप करणारं यंत्र, आणि त्याच्यामागं हिंडायला एक माणूस. आधी बरं होतं, तू एकटीच हिंडत होतीस.”

ती हसली. आठवड्यात पहिल्यांदा. हात धुऊन पुढच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, आणि माझ्या शेडमधला एक हात पुन्हा कमी झाला.

लोकांना मी ही हकीकत सांगते तेव्हा मुडबीची नणंद म्हणते, वहिनी, तू मुद्दामच केलंस, कबूल कर. मी कबूल करत नाही, कारण तसं नव्हतं. यंत्रानं ऐन वेळी हसं केलं आणि त्यामुळे तिचं काम टिकलं. याचं श्रेय कोणाला द्यायचं असेल तर त्या घोड्याच्या तोंडाच्या प्राण्याला द्यावं.

महिन्याभरानं खरी येळवस आली. पहाटे भज्जी, उंडे, आंबिलीचं मडकं बांधून आम्ही संतपूरला दिराच्या रानात गेलो. सुनेनं लॅपटॉप घेतला होता. पूजा झाली, आंबील शिंपडून झाली. पंगत मांडायची वेळ झाली तेव्हा रस्त्यानं तुरीच्या मळणी यंत्राची माणसं चालली होती. दिरानं मला विचारलं, “वहिनी, बोलवू का सगळ्यांना?”

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, “कोणाकोणाला?”

दीर तिच्याकडे बघायला लागला. तिची तिलाच लाज वाटली. तिनं मला हळूच सांगितलं की यंत्राला आता तिनं हे शिकवलंय. कोणी ‘सगळे’ म्हटलं की ते आधी विचारतं, कोण कोण. दिवसभर तेच तपासत बसते, तोंडात बसलंय.

“इथं तसलं विचारायचं न्हाई,” मी म्हटलं आणि दिराला म्हटलं, “भावजी, हाक मारा. सगळ्यांना.”

ती माणसं आली, पाय धुऊन बसली. तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. कंपनीत कोणीतरी यंत्राला बाजार मांडायला सांगितला होता आणि यंत्रानं भाजीच्या ढिगावर गाई उभ्या केल्या होत्या. आत्ताच्या आत्ता बघायला पाहिजे. ती लॅपटॉप उघडून कोपीच्या सावलीला सरकली. मी तिच्यापुढे पत्रावळ टाकली, भज्जी वाढली, आंबिलीचा पेला ठेवला.

“आत्या, दोन मिनिटं.”

“आधी जेव,” मी म्हटलं. “गाई खातायत तोवर खाऊ दे भाजी.”

तिनं एका हातानं उंडा मोडला आणि दुसऱ्या हातानं पहिली गाय उचलून खाली ठेवली.